आधी दिवस विचारा, मग स्मरणशक्ती: गोव्याच्या आतल्या गावांत म्हातारपणावर संशोधन करताना

गोव्यात समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग किंवा कम्युनिटी मेडिसिन शिकणाऱ्या मुलामुलींना प्रबंधासाठी "ज्येष्ठ नागरिक, स्मरणशक्ती आणि घरची काळजी" असा विषय मिळाला, की पहिल्यांदा तो सोपा वाटतो. घरात आजी-आजोबा सगळ्यांच्याच असतात ना! पंचाईत होते ती पणजी-मडगाव सोडून सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण इथल्या वाड्यांवर गेल्यावर. पुस्तकातला क्रम असा: आधी चाचणी घ्या, कोणाची स्मृती खालावली आहे ते ठरवा, मग त्या माणसाचे कोण करते ते शोधा. या वाड्यांवर तो क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी त्या घराचा दिवस समजून घ्या, मग जी व्यक्ती सगळे करते तिच्याशी बोला, चाचणी सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो.

निघण्याआधी काय वाचायचे

२०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत साठीपुढच्यांचा वाटा ११.२ टक्के होता. देशाचा ८.६ टक्के. राज्यांमध्ये आपल्या पुढे फक्त केरळ. त्यामुळे असेल, पण एवढ्याशा राज्याच्या मानाने इथे या विषयावर बरेच आणि चांगले काम झाले आहे.

'१०/६६' हा डिमेन्शियावर, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू खालावत नेणाऱ्या आजारावर, काम करणारा आंतरराष्ट्रीय गट. डिमेन्शिया झालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश माणसे विकसनशील देशांत, आणि लोकांमध्ये जाऊन केलेल्या संशोधनातला दहा टक्क्यांहून कमी भाग त्यांच्यासाठी, या विषमतेवरून गटाचे नाव पडले. गोवा हे त्याच्या कामाचे एक ठिकाण होते. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातला गुणात्मक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डिमेन्शियाची लक्षणे लोकांना ओळखू येत होती, पण ती आजाराची वाटत नव्हती. एक तर वयाचा भाग, नाहीतर घरच्यांनी हेळसांड केली म्हणून असे झाले, अशी समजूत होती. हा दुसरा अर्थ नीट लक्षात ठेवा. सासूला डिमेन्शिया आहे असे तुम्ही सांगायला जाता, तेव्हा सुनेच्या कानावर आरोप पडू शकतो.

मग अमित डायस आणि सहकाऱ्यांची २००८ ची चाचणी (म्हणजे ट्रायल, स्मृतीची परीक्षा नव्हे) वाचा. डिमेन्शियाची माणसे असलेली ८१ कुटुंबे, घरी जाऊन आधार देणारे साधे प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, पण त्यांच्यावरच्या ओझ्याच्या मोजपट्टीवर तेवढा ठोस फरक दिसला नाही. मोजपट्टीकडे संशयाने पाहायला शिकवणारा हा निष्कर्ष आहे. ज्येष्ठांमधले नैराश्य वाढण्याआधीच थोपवण्यासाठी गोव्यातच १८१ जणांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, साधी माणसे होती.

राष्ट्रीय आकड्यांसाठी 'लासी' ही वाढत्या वयावरची देशव्यापी पाहणी आहे: पहिली फेरी २०१७-१८, पंचेचाळिशीपुढचे ७२ हजारांहून अधिक लोक. तिच्यातल्या डिमेन्शियाच्या उपअभ्यासाने देशात साठीपुढच्यांत ७.४ टक्के असा अंदाज दिला. प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत जास्त. हा आकडा घेऊन आपल्या तालुक्याच्या म्हाताऱ्यांच्या संख्येशी गुणाकार मात्र करू नका. दर वर्षी कोणीतरी करतोच.

'वंचित' म्हणजे नेमके कोण, ते लिहून काढा

गोव्यात हा शब्द फार ढिलेपणाने वापरला जातो. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. गवळी-धनगर त्या यादीत आले नाहीत. त्यांची घरे डोंगरावर, एकमेकांपासून लांब. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यातली गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक उभे राहिले आणि कमावते मुलगे घर सोडून वेर्ण्याच्या कारखान्यांकडे किंवा आणखी दूर गेले. झुआरीनगरसारख्या स्थलांतरितांच्या वस्तीत गेलात तर म्हातारी माणसे कमी दिसतील. आईबाप मूळ गावी असतात, काळजी फोनवरून आणि पैसे पाठवून चालते. तोही अभ्यासाचा विषय आहे, पण वेगळा.

साळावली धरणाने उठवलेल्या लोकांचा विचार जरूर करा. कुर्डी गाव पाण्याखाली गेले, माणसे वाडे आणि वालकिणी इथे वसवली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की गावाचे अवशेष वर येतात आणि मे महिन्यात लोक सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जातात. वाडे गावातली एखादी आजी "मी कुर्डीला घरी जाते" म्हणाली, तर फॉर्मवर 'स्थळभान नाही' अशी खूण करण्याआधी महिना कोणता ते बघा, आणि घरच्यांना विचारा की हे ती केव्हापासून म्हणते, तीस वर्षांपासून की गेल्या दिवाळीपासून. निदानाच्या दृष्टीने फरक तिथे आहे.

एक समाज, एक-दोन पंचायती, एवढ्यावर थांबा. दोन वर्षांच्या प्रबंधाला ते पुरेसे आहे.

परवानगी: एक कागदावरची, एक सोप्यावरची

कागदावरची पद्धत ठरलेली आहे. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचा. सहभागी व्यक्तीला वाचता येत नसेल तर अंगठ्याच्या वेळी एक तटस्थ साक्षीदार लागतो. हा साक्षीदार तुमच्या टीममधला नको. व्यक्तीला संमती देण्याइतके समजत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते, आणि तरीही त्या माणसाची स्वतःची मान डोलली पाहिजे. मुलगा हो म्हणाला आणि आजोबांनी तोंड फिरवले, तर तो नकारच समजा.

सोप्यावरची परवानगी मिळवायला जास्त दिवस लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, मग उपकेंद्रातल्या नर्सबाईंना, मग अंगणवाडी सेविकेला. कोणत्या घरात कोण झोपून आहे हे या दोघींना सगळ्यांत आधी माहीत असते. पंचांना सांगून ठेवा, पण त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरोघरी जाऊ नका. गावात दोन पॅनेल असतात, आणि तुम्ही एकाचे होऊन बसता.

आता गोव्याची खास अडचण. इथे अनोळखी माणूस कागद घेऊन आला आणि म्हाताऱ्याचा अंगठा मागू लागला, की घराला पहिली आठवण जमिनीची होते. आपल्या नागरी कायद्यात मुली धरून सगळ्या मुलांचा वाटा असतो आणि अर्ध्या मालमत्तेवर सक्तीच्या वारसांचा, म्हणजे ज्यांना मृत्युपत्राने डावलता येत नाही त्यांचा, हक्क राहतो. त्यात मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) आणि कुळांचे खटले वर्षानुवर्षे चाललेले. मग "हे वाटणीचे तर नव्हे?" हा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण दुसऱ्या भेटीला दार बंद मिळते. म्हणून पहिल्या भेटीत संमतीपत्र पिशवीतच ठेवा. दुसऱ्या भेटीत ते मोठ्याने वाचून दाखवा, घरातल्या शिकलेल्या नातवाकडे द्या, प्रत त्यांच्याकडे सोडा आणि सही तिसऱ्या भेटीत घ्या. स्टॅम्पपेपरसारखा दिसणारा जाड कागद वापरू नका.

दुसरा गैरसमज पेन्शनचा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे अडलेले घर तुम्हाला सरकारी माणूस समजते, आणि मग आजीची तब्येत तुमच्यासमोर जरा जास्तच बिघडते. ते साहजिक आहे. "माझ्यामुळे पेन्शन सुरूही होणार नाही आणि बंदही होणार नाही" हे वाक्य प्रत्येक घरी सांगा. अर्ज कुठे द्यायचा ती माहिती मात्र खिशात असू द्या, तेवढी मदत करायला काहीच हरकत नाही.

कोणत्या दिवसांत जायचे

मार्च ते मे काजूचा हंगाम. घरातली धडधाकट माणसे बागायतीत असतात आणि म्हातारे घरी एकटे. एकटेपणाचा अभ्यास असेल तर याच दिवसांत जा, काळजी घेणाऱ्या बाईची मुलाखत हवी असेल तर टाळा. हुर्राकाच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांत संध्याकाळी आजोबांची चाचणी घेण्यात तर काहीच अर्थ नाही. पाऊस सुरू झाला की लावणी. चवथीच्या आधीचे आणि नंतरचे आठ-दहा दिवस सोडून द्या. शिगम्याचे आणि गावच्या जत्रेचेही. उरलेल्या दिवसांत सकाळी दहा-साडेदहाची वेळ बरी: पेज झालेली असते, दुपारचे रांधप सुरू व्हायचे असते. परतीच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा. शेवटची बस चुकली की त्याच घराला तुमची सोय करावी लागते.

पहिली खरी मुलाखत: कालचा दिवस

या कामाचा गाभा इथे आहे. कागद बाजूला ठेवा आणि घरातल्या करत्या बाईला एवढेच विचारा, "काल सकाळी उठल्यापासून काय काय झाले, सांगाल?" तिला 'काळजीवाहक' म्हणू नका. त्या नावाने तिला घरात कोणी हाक मारत नाही आणि ती स्वतःला तसे समजतही नाही. वहिनी म्हणा, मावशी म्हणा, वयाप्रमाणे.

ती सांगू लागेल: पाचला उठले, पाणी तापवले, सासऱ्यांना मागीलदारी नेले, रात्री अंथरूण ओले झाले होते ते धुतले, मुलाचा डबा, नवऱ्याची कंपनीची बस सहाला. मग सासऱ्यांना अंघोळ. इथे थांबा आणि विचारा: अंघोळ ते स्वतः करतात की घालावी लागते? हे केव्हापासून? कपड्यांची बटणे लावतात? पेज हाताने जेवतात की भरवावी लागते? विहिरीकडे, बागायतीकडे एकटे जातात? गेले तर परत येतात? दुकानात पाठवले तर सुटे पैसे मोजून आणतात? देवपूजा रोज करायचे, ती अजून क्रमाने होते का? रात्री किती वेळा उठवतात?

अशा एका तासात तुम्हाला त्या माणसाची रोजची कामे करण्याची क्षमता, झोप, वर्तनातले बदल, लघवीवरचा ताबा आणि त्या बाईचा दिवस किती तासांचा आहे, सगळे मिळते. कोणाच्याही बुद्धीची परीक्षा घेतल्यासारखे न वाटता मिळते. भारतातल्या खेड्यांसाठी तयार झालेली 'ईझी' नावाची प्रश्नावली याच धर्तीची आहे. ती वापरा, पण तिचे प्रश्न या गप्पांतच पेरा.

देवपूजा, भजन, जात्यावरच्या ओव्या, कुळागरातले (बागायतीतले) पाणी लावणे, माटोळी (चवथीला गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधणे यांकडे विशेष लक्ष द्या. सवयीच्या गोष्टी पुष्कळ काळ टिकतात. भजनात सगळे अभंग म्हणणारे आजोबा सकाळी काय खाल्ले ते विसरू शकतात. म्हणून घरचे म्हणतात, "त्यांचे डोके एकदम चांगले आहे." ते खोटे बोलत नाहीत. त्यामुळे जुने किती आठवते यापेक्षा गेल्या वर्षाच्या तुलनेत काय सुटले, हे विचारा.

वय ठरवणे

मतदार ओळखपत्रावरचे वय बऱ्याचदा कोणीतरी अंदाजाने लिहिलेले असते. आपल्याकडे वयासाठी टेकायला घटना भरपूर आहेत: १९६१ चा डिसेंबर आणि भारतीय सैन्य, १९६३ ची पहिली निवडणूक, जानेवारी १९६७ चा जनमत कौल. "गोवा मुक्त झाला तेव्हा तुमचे लग्न झाले होते का?" या एका प्रश्नाने दहा वर्षांचा गोंधळ निस्तरतो. शिक्षणाचाही अंदाज इथेच येतो. मुक्तीनंतर बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्याआधी वाढलेल्या, विशेषतः आतल्या गावांतल्या बायकांना शाळा माहीतच नव्हती. तुमच्या नमुन्यात अगदी थोड्या वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या, एक शाळेत न गेलेली आणि एक चौथी झालेली, अशा दोन बहिणी भेटू शकतात. दोघींना एकाच कटऑफने, म्हणजे गुणांच्या एकाच सीमारेषेने, मोजणे चूक आहे.

आता चाचणी

एमएमएसई नावाची १९७५ ची प्रसिद्ध चाचणी बहुतेकांना पाठ असते. तिच्यात वाक्य लिहायचे, पंचकोन काढायचे, शंभरातून सात-सात वजा करायचे असते. पेन्सिल कधी हातात न धरलेल्या आजीला हे देऊन कमी गुण मिळवणे सोपे आहे. शिवाय तिच्या वापरावर कॉपीराइट आहे. निरक्षरांसाठी बेतलेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासातून आली. सीएसआय-डी या डिमेन्शियाच्या चाचणीत काही प्रश्न त्या व्यक्तीला आणि काही नातेवाइकाला असतात, म्हणून आपल्या कामाला ती मला जास्त जवळची वाटते. कोणतीही घ्या, जशीच्या तशी नको. आधी थोड्या घरांत चालवून बघा.

भाषेचे इथे सरळ ठेवा. पेडणे, डिचोली, सत्तरीत माणसे वाचतात मराठी आणि बोलतात कोकणी. संमतीपत्र मराठीत, प्रश्न कोकणीत. गवळी-धनगरांच्या घरात आणखी वेगळी बोली. भाषेचा वाद सभेसाठी ठेवा, चाचणीत आजीला जी सहज कळते तीच भाषा. तारीख विचारताना इंग्रजी महिना मागू नका. एकादशी कधी झाली, चवथीला किती दिवस आहेत, सध्या शेतात काय चालले आहे, हे विचारा. उत्तरे कशी मोजायची ते आधी ठरवून मार्गदर्शकांना दाखवा, नाहीतर प्रत्येक घरी तुमचा निकष बदलत जाईल.

त्याआधी कान आणि डोळे. मागून बोलून बघा, मोतीबिंदू आहे का विचारा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाच्या बदलता येण्याजोग्या १४ जोखमींमध्ये कमी ऐकू येणे आणि उपचार न झालेली दृष्टीची अडचण दोन्ही आहेत, हे तर खरेच. पण साधी गोष्ट अशी की न ऐकू आलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकतेच. चाचणी घेताना घरच्यांना बाहेर पाठवा, नाहीतर नातवंडे उत्तरे सांगतात आणि हसतातही.

करणारीशी एकटीने बोलणे

काळजी घेणाऱ्यावरचे ओझे मोजणारी झॅरिटची बर्डन मुलाखत २२ प्रश्नांची. त्यात तुम्हाला या माणसाची लाज वाटते का, राग येतो का, असे विचारतात. सासू पडद्याआड ऐकते आहे, आणि सून बावीसच्या बावीस वेळा "नाही" म्हणते. ओझे शून्य! ही आकडेवारी प्रबंधात छापली जाते, तेव्हा वाचणाऱ्याने काय समजावे?

म्हणून जागा बदला. ती कपडे वाळत घालते तिथे, काजू वेचते तिथे, स्वयंसहाय्य गटाच्या बैठकीनंतर थांबून. भावनेआधी व्यवहार विचारा: माहेरी शेवटची कधी गेलात? स्वतःचे औषध कधी आणले? बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेताना त्या दिवसाची मजुरी बुडाली ती कोणाची? नणंदा-दीर येऊन काय करतात? (इथे कढ येतो. येऊ द्या.) प्रश्नावली त्यानंतर. करणारी नेहमी सूनच असते असेही समजू नका. सत्तरीची बायको अठ्ठ्याहत्तरीच्या नवऱ्याचे करते, लग्न न झालेला मुलगा आईचे करतो. त्या पुरुषाला तर कोणी काही विचारलेलेच नसते.

समोर काही विपरीत दिसले तर

हे घरी पोचल्यावर ठरवायचे नसते. लेखी ठरवून निघा. चार दिवसांत अचानक भ्रम झाला, झोपेत बडबड, ताप, असे सांगितले तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडू नका. तो डिलिरियम असू शकतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. हळूहळू वाढलेल्या विसरण्यातही थायरॉइड, ब-१२ ची कमतरता, नैराश्य, औषधांचा परिणाम ही कारणे निघू शकतात. म्हणून "डिमेन्शिया" हा शब्द तुम्ही उच्चारू नका. आरोग्य केंद्रातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला किंवा तिथल्याच मानसोपचार संस्थेला, म्हणजे आयपीएचबीला, जाण्याची वाट दाखवा.

कोणी खोलीत कोंडलेले, बांधलेले दिसले तर आरडाओरडा नको. बऱ्याचदा तो रानात हरवेल या भीतीने केलेला उपाय असतो, कधी खरोखर छळ असतो. मार्गदर्शकांना त्याच दिवशी सांगा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, हे दोन क्रमांक प्रत्येक घरी लिहून द्या. काळजी घेणारी व्यक्ती "मला जगणे नको झाले आहे" म्हणाली, तर मुलाखत तिथेच थांबवा आणि त्या दिवसाचे काम म्हणजे तिला एकटी न सोडणे.

नोंदी आणि परतीची भेट

वीस घरांच्या वाड्यात नाव काढून टाकल्याने कोणी अनामिक होत नाही. "८२ वर्षांचे निवृत्त पोस्टमन, दोन मुलगे परदेशी" एवढ्यावर सगळा गाव ओळखतो. वाड्याचे नाव गाळा, धंदा बदला, वय पाच वर्षांच्या गटात लिहा. चाचणीचे गुण लिहिलेला कागद घरात ठेवू नका आणि कोणी मागितला तरी देऊ नका. वाटणीच्या खटल्यात "तेव्हा बाबांची बुद्धी ठिकाणावर नव्हती" असे सांगायला तो कागद पुढे केला जाऊ शकतो. तपासणीसाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्यायचे तर थेट त्यांच्याकडे, बंद पाकिटात.

काम संपल्यावर मोठ्या अक्षरांतले एक मराठी पान करा: काय विचारले, काय आढळले, कुठे मदत मिळते. घरोघरी ते वाचून दाखवा. आरोग्य केंद्राला वेगळे पान, त्यात बांबोळीच्या फेऱ्यांना किती घरांची मजुरी बुडते यासारख्या, त्यांना काही करता येईल अशा गोष्टी. ही फेरी प्रबंध जमा करण्याआधी ठेवा. नंतर नोकरी लागते, आणि ती राहून जाते.